जुनी डिस्क, नवे खोके

संगणक बदलायची वेळ आली की दुरुस्तीवाला सांगतो, फॉरमॅट मारू, नवी विंडोज टाकू, डेटा कॉपी करून देऊ. गिऱ्हाईक म्हणते, ते काही नको. जुनी हार्ड डिस्क आहे तशी नव्या खोक्यात बसवा, सगळे जिथल्या तिथे दिसले पाहिजे. जाणकार मंडळी या वादात सहसा दुरुस्तीवाल्याची बाजू घेतात. जुन्या सिस्टिममध्ये साचलेला कचरा नव्या यंत्रात कशाला न्यायचा, असे ते विचारतात आणि गिऱ्हाइकाचा हट्ट त्यांना आळसाचा किंवा अज्ञानाचा वाटतो. संगणकाचा इतिहास मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूने साक्ष देतो, असे माझे म्हणणे आहे. माणसाचे काम डिस्कवर सुटे पडलेले नसते. ते प्रोग्रॅमला बांधलेले असते, प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला आणि सिस्टिम यंत्राला. या साखळीतल्या ज्या दोन कड्यांमधला व्यवहार कोणीतरी लिहून जाहीर केला होता, तिथे साखळी सोडवून काम पुढे नेता आले. जिथे तो व्यवहार एखाद्या कंपनीने आपल्यापाशीच ठेवला, तिथे अख्खी साखळी उचलून नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मराठी अक्षरजुळणीच्या धंद्यात याचा जितका लख्ख पुरावा मिळतो तितका दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण तिथे पोचण्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० च्या सुमारास कामाला लागला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला. टिफ्रॅकचा शब्द ४० बिटांचा, सीडीसीचा ४८ बिटांचा; आज्ञांचे आकडेही निराळे. टिफ्रॅकच्या यंत्रभाषेतला प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालण्याचा प्रश्नच नव्हता. संशोधनसंस्थेत हे निभावून जात असे, कारण गणित मांडणारा माणूस तिथेच बसलेला असे आणि तो ते पुन्हा मांडू शकत असे. विमा कंपनीचे किंवा कारखान्याच्या पगारपत्रकाचे तसे नव्हते. आयबीएमने १९५९ मध्ये आणलेला १४०१ हा संगणक दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झाला आणि जगभरच्या कचेऱ्यांची रोजची कामे त्यावर चढली. वर्षानुवर्षे ठिगळे लावत चाललेल्या त्या प्रोग्रॅमांची मूळ प्रत अनेक ठिकाणी उरलेली नव्हती. उरली होती ती छिद्रे पाडलेल्या कार्डांची चालती गठ्ठी. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संपूर्ण नवी मालिका जाहीर केली तेव्हा ती १४०१ शी मुळात जुळणारी नव्हती. त्याआधी काही महिनेच हनीवेल कंपनीने १४०१ चे प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर आणून देणारी सोय बाजारात आणली होती आणि तिला नाव दिले होते ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता. आयबीएमचे गिऱ्हाईक हातचे जाऊ लागले. तेव्हा कंपनीने ३६० च्या लहान यंत्रांच्या पोटातल्या सूक्ष्म आज्ञांमध्येच १४०१ ची नक्कल बसवली. नवे यंत्र जुन्याचे सोंग घेऊन जुने काम करू लागले. जुनी सिस्टिम जशीच्या तशी चालवण्याची मागणी कोणा अडाण्याने केली नव्हती. ती अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांनी केली, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने ती पुरवली.

भारतात या गोष्टीला आणखी एक बाजू होती. आयबीएम इथल्या गिऱ्हाइकांना इतरत्र वापरून परतलेली १४०१ यंत्रे डागडुजी करून भाड्याने देत असे, आणि पुढारलेल्या देशांत ती मोडीत निघाल्यावरही इथे ती चालत राहिली. १९७८ मध्ये कंपनीने देश सोडला, तेव्हा त्या यंत्रांची निगा सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. यंत्र आणणारा निघून गेला तरी त्याच्या पोटातले काम थांबून चालत नाही, हा अनुभव आपल्याकडे पीसी येण्याआधीच जमा झाला होता.

आता डिस्ककडे वळू. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक संगणकाबरोबर दिली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होती ५० लाख अक्षरे. ती उपटून दुसऱ्या यंत्राला लावण्याचा विचार संभवतच नव्हता. तो संभवू लागला ऐंशीच्या दशकात. १९८० मध्ये सीगेटने ५ एमबीची लहान डिस्क काढली, आणि मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची डिस्क पोटात घेऊन आला. या पिढीत डिस्क वेगळी आणि तिला चालवणारे कंट्रोलर कार्ड वेगळे असे. चुंबकीय खुणा तबकडीवर नेमक्या कशा मांडायच्या हे कार्ड ठरवी, आणि दोन कंपन्यांच्या कार्डांची मांडणी जुळेलच असे नसे. त्यामुळे डिस्क हलवायची तर तिचे कार्डही सोबत न्यावे लागे. नुसती डिस्क नव्या संगणकाला लावली तर कोरी असल्यासारखी वागे. पुढे कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवर चढवला गेला, ४० तारांची चपटी केबल आली, आणि १९९४ मध्ये या जोडणीचे अमेरिकी मानक छापले गेले. त्यानंतर कोणाचीही डिस्क कोणाच्याही मदरबोर्डला लागू लागली. मागे मास्टर-स्लेव्हचा जंपर नीट लावायचा, बायोसमध्ये ‘ऑटो डिटेक्ट’ करायचे, झाले काम. साखळीतली पहिली कडी अशी सुटली, आणि सुटली ती व्यवहार कागदावर आल्यामुळे.

दुसरी कडी ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्र यांच्यातली. डॉसच्या काळात तीही बऱ्यापैकी सैल होती. त्यामागचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. डॉस डिस्कशी, पडद्याशी, कळफलकाशी बोलायचे ते मदरबोर्डवरच्या बायोसमार्फत, आणि आयबीएमने आपल्या पीसीच्या बायोसचा सगळा मजकूर तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला होता. नक्कल करण्याची परवानगी त्यात नव्हती, पण कोणत्या क्रमांकाची हाक दिली की काय घडते हे उघड होते. कॉम्पॅकने आणि नंतर फिनिक्सने तेच वागणारे स्वतःचे बायोस लिहिले. म्हणून एका कंपनीच्या पीसीतली डॉसची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या पीसीत बहुतेक वेळा निमूट सुरू होई. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्रॅम, चार पार्टिशनांचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटांची खूण. एवढ्या जागेत जगभरच्या यंत्रांचा करार मावला होता. अडचणी होत्या, नाही असे नाही. डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर मोजण्याची एका बायोसची रीत दुसऱ्याहून वेगळी असली तर पार्टिशन गडबडत. पण ती अडचण निस्तरता येण्याजोगी होती.

विंडोज एनटी आणि तिच्या वंशातली एक्सपी यांनी हा करार बदलला. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत, छापखान्यांत, सायबर कॅफेत पुढची दहा-बारा वर्षे तिचेच राज्य होते. एक्सपीची डिस्क नव्या मदरबोर्डला लावली की काय होई ते जवळून पाहण्यासारखे आहे. बायोस पहिला सेक्टर वाचतो, तो पुढचा लोडर उचलतो, लोडर सिस्टिमचा गाभा आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर स्मृतीत आणतो. इथवर सगळे बायोसच्या हातून. मग गाभा जागा होतो, बायोसला बाजूला सारतो आणि डिस्कशी स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत बोलायला जातो. तो ड्रायव्हर जुन्या मदरबोर्डच्या चिपसाठी नोंदवलेला असतो. नव्या बोर्डवर चिप वेगळी, म्हणून ज्या डिस्कवरून तो क्षणापूर्वी उठला तीच त्याला दिसेनाशी होते. निळा पडदा, शेवटी ७बी असलेला क्रमांक, आणि संगणक पुन्हा सुरू. डिस्क धडधाकट, फायली सुरक्षित, तरी दार बंद. इलाज होता, पण तो जुने यंत्र चालू असतानाच करायचा होता : डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कंट्रोलरचा खास ड्रायव्हर काढायचा, ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल’ नावाचा सामान्य ड्रायव्हर बसवायचा, आणि मग डिस्क उपटायची. किंवा सीडी घालून ‘रिपेअर’ करायचे. सामान्य ड्रायव्हर चालत होता याचा अर्थ नीट घ्यावा. बहुतेक चिपा छापील मानकाशी बोलू शकत होत्याच. सिस्टिमने फक्त त्या वाटेची नोंद आधीपासून ठेवलेली नव्हती.

ही अटळ तांत्रिक मर्यादा नव्हती, याचा दाखला लिनक्सच्या डिस्कने दिला आहे. लिनक्सचा गाभा साधारण सगळ्या प्रचलित चिपांचे ड्रायव्हर सोबत बाळगतो आणि दर वेळी सुरू होताना समोर काय आहे ते नव्याने तपासतो. ती डिस्क दुसऱ्या संगणकात सहसा सुरू होते. पार्टिशनची नावे बदलल्याने होणारा घोटाळाही प्रत्येक पार्टिशनला कायमचा ओळखक्रमांक देऊन मिटवला गेला. विंडोज ९८ सुद्धा रजिस्ट्रीतली यंत्राची नोंद पुसली की नव्या बोर्डवर सगळे भाग पुन्हा शोधून काढत असे. एक्सपीत तांत्रिक अडसराच्या जोडीला व्यापारी अडसर आला. संगणकातल्या दहाएक भागांची मिळून एक खूण तयार करून ती परवान्याशी बांधली गेली, आणि फार भाग बदलले की सिस्टिम नव्याने ॲक्टिव्हेशन मागू लागली. ब्रँडेड संगणकाबरोबर आलेला परवाना तर मदरबोर्ड गेला की गेलाच. गिऱ्हाइकाने पैसे एका वस्तूचे दिले आहेत असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात ते त्या वस्तूच्या एका बोर्डाशी लागलेल्या नात्याचे होते.

ही फट भरून काढायला घोस्ट हे साधन एक्सपीच्या आधीच जन्मले होते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात बायनरी रिसर्च या लहान कंपनीसाठी मरे हॅझर्ड यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हा प्रोग्रॅम लिहिला. १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला आणि नॉर्टन घोस्ट नावाने तो जगभर गेला. फायली एकेक करून उचलण्याऐवजी तो अख्खे पार्टिशन जसेच्या तसे एका फायलीत उतरवून घेई. आपल्याकडच्या संगणक प्रयोगशाळांत आणि असेंबल केलेल्या संगणकांच्या बाजारात ‘घोस्ट मारणे’ हे क्रियापदच रुळले. एका संगणकावर विंडोज, ऑफिस, पेजमेकर, मराठी फॉन्ट आणि प्रिंटरचे ड्रायव्हर सगळे नीट बसवायचे आणि त्याची प्रतिमा बाकीच्यांवर उतरवायची. यंत्र एकाच जातीचे असेल तर काम तासाभराचे. जात वेगळी असेल तर तोच निळा पडदा.

आता मराठी मजकुराकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी इथे आहे. डॉसच्या काळात मराठीत काम करायचे तर पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड हा मोठा आधार होता. मूळ काम आयआयटी कानपूरमधले. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाल्यावर ते पुण्यात वाढले. हे कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसे आणि पडदा व कळफलक यांच्या मध्ये उभे राहून इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांतही देवनागरी उमटवत असे. डीबेसमध्ये मराठी नावांची यादी करता येई, प्रोग्रॅमला त्याची गंधवार्ताही नसे. म्हणजे संगणकातली मराठी अक्षरशः एका हिरव्या पाटीवर वस्तीला होती. दोन हजार सालानंतरच्या मदरबोर्डांवरून आयएसए जातीचे ते स्लॉट नाहीसे झाले, आणि कार्ड बसवायला जागाच उरली नाही. यंत्राशी एवढी घट्ट बांधलेली व्यवस्था यंत्राबरोबरच बुडायला हवी होती. तिच्यातला मजकूर मात्र बुडाला नाही. कारण कार्ड अक्षरे साठवत असे ती इस्की या संकेतात, आणि भारतीय मानक संस्थेने तो संकेत आय. एस. १३१९४ या क्रमांकाने १९९१ मध्ये छापला होता. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, जोडाक्षर कसे, हे सगळे पुस्तिकेत होते. युनिकोडमधला देवनागरीचा पट्टाही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेला. म्हणून जिस्ट कार्डावर केलेली यादी आज कोणताही होतकरू प्रोग्रॅमर थोड्या श्रमात युनिकोडमध्ये आणू शकतो. कार्ड नसले तरी चालते.

याच्या उलट गोष्ट विंडोजवरच्या मराठीची. नव्वदच्या दशकात डीटीपीचा धंदा गावोगावी पसरला. पेजमेकर, लेझर प्रिंटर, ट्रेसिंग पेपर आणि मराठी फॉन्टचे एखादे पॅकेज एवढ्यावर लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे निघू लागले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती अशी पॅकेजे घरोघरी माहीत झाली. या फॉन्टांत अक्षरे ठेवायला २५६ घरे होती, आणि त्यांत देवनागरीचे पूर्ण आकार, अर्धे आकार, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे बसवायची होती. प्रत्येक कंपनीने ती आपापल्या सोयीने बसवली. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या आकड्यांवर मराठीचे तुकडे आले, आणि कोणत्या घरात काय हे पॅकेजपुरते राहिले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मजकूर म्हणजे डॉलर, टक्का, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी. शिवाय अनेक पॅकेजांना चोरी टाळण्यासाठी प्रिंटर पोर्टाला लावायचे लॉक असे. ते निघाले की कळफलक मराठी उठवेना. मजकूर फॉन्टला, फॉन्ट पॅकेजला, पॅकेज लॉकला, लॉक पोर्टाला आणि पोर्ट मदरबोर्डला. या साखळीत मराठी कुठल्याच पाटीवर वस्तीला नव्हती, लॉक सोडता सगळे कसे डिस्कवरचे सॉफ्टवेअर होते, तरी ती जिस्ट कार्डाहून अधिक जखडलेली निघाली.

अशा छापखान्याच्या मालकाला ‘फक्त डेटा कॉपी करून घ्या’ हा सल्ला किती उपयोगाचा? फायली कॉपी होतीलच. उघडायला पेजमेकर लागेल, आणि २००१ साली आलेली सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची. पेजमेकर युनिकोड जाणत नाही. ठरावीक फॉन्ट, तेही त्याच आवृत्तीचे, नसले तर ओळी तुटतात आणि पाने सरकतात. कळफलकाची मांडणी, ऑपरेटरने स्वतः भरलेला शब्दसंग्रह, प्रिंटरची ठेवण, हे सगळे सी ड्राइव्हवर चहूकडे विखुरलेले. डी ड्राइव्ह उचलून सी ला फॉरमॅट मारला की काम राहते आणि काम करण्याची व्यवस्था जाते. म्हणून मालक म्हणत राहिला, डिस्क आहे तशी बसवा. त्याने साखळी ओळखली होती. तिच्या कड्यांची नावे त्याला सांगता येत नसतील.

यावर पहिला आक्षेप येतो तो चोरीचा. असेंबल केलेल्या संगणकांवरच्या बऱ्याच विंडोज आणि पेजमेकर विनापरवाना होत्या, सीडी नव्हती, म्हणून जुनी डिस्क हवी होती, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण लॉकचे पैसे भरलेल्या, पावती जपलेल्या गिऱ्हाइकाचीही मागणी तीच होती, आणि त्याची अडचण परवान्याने सुटत नव्हती. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीची दुरुस्ती थांबली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला अपवाद करून एक्सपीसाठीही उपाय द्यावा लागला. जुनी सिस्टिम इंटरनेटला लावून ठेवणे धोक्याचे, हे मान्यच आहे. पण छापखान्यातल्या त्या संगणकाला अक्षरे जुळवायला इंटरनेट लागत नाही. धोका जुन्या सिस्टिमपेक्षा तिला जोडलेल्या तारेतून येतो, आणि तार काढता येते.

तिसरा आक्षेप माझ्या बाजूच्या माणसालाही टोचणारा आहे. जुन्या डिस्का जपण्याच्या या सवयीमुळेच मराठी मजकूर युनिकोडवर यायला उशीर झाला, असे त्याचे स्वरूप. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, आणि तिच्याबरोबरचा मंगल हा फॉन्ट रघुनाथ जोशी यांच्या हातचा. मग छापखाने आणखी दहा-पंधरा वर्षे कशाला अडले? उशीर झाला हे खरे आणि त्याने नुकसान झाले हेही खरे. त्या काळातले पुष्कळ लेखन आज शोधयंत्राला दिसत नाही. पण दोष सवयीच्या माथी मारताना तारखा पाहाव्यात. एक्सपीत देवनागरी आपोआप चालू नसे. सेटिंगमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून ती बसवावी लागे. पानाची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमांत युनिकोड देवनागरीची नीट जुळणी इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सुमारास आली. तोवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर पुस्तकाच्या पानावर उतरवायचा तर पुन्हा जुन्या फॉन्टमध्येच बदलून घ्यावा लागत होता. पुढचा पूल बांधलेला नसताना मागच्या काठावर थांबलेल्या माणसाला हट्टी म्हणणे न्यायाचे नाही.

चौथे म्हणणे असे की आता रूपांतरक आहेत, एका कळीसरशी जुना मजकूर युनिकोडमध्ये येतो, तेव्हा जुनी डिस्क टाकून द्यावी. रूपांतरकांनी मोठे काम केले आहे, पण ते कसे चालतात हे पाहिले तर डिस्क टाकण्याची घाई होणार नाही. जुने फॉन्ट अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतात : ‘कि’ मध्ये वेलांटी आधी, क नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने : क आधी, वेलांटी नंतर. ‘सूर्य’ मधला रफार जुन्या फॉन्टात य च्या मागून येतो, युनिकोडमध्ये र आणि पाय मोडल्याची खूण य च्या आधी. रूपांतरकाला सगळी उलटापालट करावी लागते, आणि लांब जोडाक्षर आले की रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले रूपांतरक मराठीतल्या ऱ्याला र्या करून टाकतात. आचाऱ्यांना दिलेली बिदागी मग आचार्यांना दिली जाते. त्याहून अवघड म्हणजे मधले इंग्रजी शब्द. जुन्या मजकुरात अमुक आकडा मराठीचा तुकडा आहे की रोमन अक्षर, हे फक्त त्याला लावलेल्या फॉन्टच्या नावावरून कळते, आणि ते नाव पेजमेकरच्या फायलीत असते. मजकूर साध्या फायलीत ओतला की ती माहिती गेली. मूळ पान मूळ फॉन्टात कसे दिसत होते हे पाहिल्याशिवाय अशा चुका मुद्रितशोधकाला पकडता येत नाहीत. रूपांतर करायचेच, पण शेजारी जुनी सिस्टिम चालू ठेवून.

ती चालू ठेवण्याचा मार्ग आहे, आणि तो १९६४ च्या आयबीएमच्या मार्गाचाच वारस आहे. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने पीसीच्या आत खोटा पीसी चालवून दाखवला. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विंडोज ७ च्या महागड्या आवृत्त्यांबरोबर ‘एक्सपी मोड’ दिला, आणि त्याच वर्षी चालत्या डिस्कची आभासी प्रतिमा काढणारे डिस्क२व्हीएचडी हे फुकट साधनही आले. खोट्या पीसीतली चिप, पडदा, डिस्क सगळे ठरावीक, त्यामुळे एकदा त्यात बसलेली एक्सपी बाहेरचे खोके कितीदाही बदलले तरी हलत नाही. नेटवर्क बंद ठेवले की सुरक्षिततेचा आक्षेपही उरत नाही. अडते ते लॉकपाशी. नव्या मदरबोर्डवर प्रिंटर पोर्ट नसते, आणि यूएसबीतून काढलेले पोर्ट प्रिंटरला चालले तरी लॉकला बहुधा चालत नाही. डिस्क निघाली, सिस्टिम निघाली, फॉन्ट निघाले. एका कंपनीने न लिहिलेला व्यवहार तेवढा मागे राहिला.

दरम्यान मूळ प्रश्न पुन्हा उलटला आहे. विंडोज १० आणि ११ ची डिस्क आता दुसऱ्या संगणकात बहुतेक वेळा सुरू होते. सिस्टिम स्वतःहून नवे भाग ओळखते. ७बी चा काळ जवळपास संपला. मात्र आजच्या अनेक यंत्रांत डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते. विंडोज ११ ने ती चिप सक्तीची केली. अशी डिस्क दुसऱ्या बोर्डला लावली की ती ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागते, आणि ती कुठे जपली आहे हे मालकाला ठाऊक नसले तर डिस्क बंदच. कित्येक लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डलाच सोल्डर केलेली असते. उपटायला डिस्कच नाही. चोरापासून बचाव ही यातली खरी गरज आहे, ती मी नाकारत नाही. पण या किल्लीला निदान कागदावर उतरवण्याची वाट ठेवलेली आहे. नव्वदच्या दशकातल्या लॉकला तीही नव्हती.

२००४-०५ मधल्या डिस्का आज विशी ओलांडलेल्या आहेत, आणि ४० तारांच्या केबलच्या नव्या डिस्का मिळत नाहीत. प्रकाशकांकडे, साप्ताहिकांकडे, तालुक्याच्या छापखान्यांकडे पडलेल्या अशा डिस्कांची प्रतिमा काढून ठेवणे हे पहिले काम. फॉन्टच्या फायली आणि कळफलकाच्या मांडण्या त्या प्रतिमेसोबतच राहाव्यात. दुसरे काम फॉन्ट कंपन्यांचे, आणि ते त्यांच्यावाचून दुसरे कोणी बिनचूक करू शकत नाही. ज्या पॅकेजांची विक्री आता संपल्यात जमा आहे त्यांचे अक्षरतक्ते त्यांनी जाहीर करावेत आणि एखाद्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात ठेवायला द्यावेत. त्याने कोणाचा धंदा बुडणार नाही. एका फॉन्टमागे एक पान पुरेल : २५६ घरे, आणि प्रत्येकापुढे एक आकार.